जुने म्हणजे दुर्मीळ नव्हे

शिवछत्रपतींनी प्रचारात आणलेली तांब्याची शिवराई पेशवाई बुडाल्यावरही कित्येक वर्षे बाजारात चालत होती. साहजिकच ती आजही विपुल आहे. नवखा संग्राहक मात्र वयालाच मोल समजतो आणि पेशवेकालीन झिजल्या शिवराईसाठी शिवकालीन नाण्याचा भाव मोजून मोकळा होतो. सोन्याचा होन खरोखरच दुर्मीळ. म्हणूनच त्याच्या नकलाही फार. १८१८ सालचे रामदरबाराचे ‘कंपनी सरकारचे नाणे’ तर कंपनीने कधी पाडलेच नव्हते! तरी त्याला गिऱ्हाईक मिळते.

विक्रेता जाणता आणि ग्राहक अंधारात, अशा बाजारात खोटा माल खऱ्याला हुसकून लावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. मोटार निदान चालवून तरी पाहता येते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये, आपल्या नावावर जुन्या नाण्यांच्या व्यवहारात कमिशन उकळणाऱ्यांविरुद्ध इशारा दिला. परंतु भावाची शहानिशा करणे हे काही तिचे काम नव्हे. सोनाराच्या पावतीवर सोन्याचा कस लिहिलेला असतो. नाणेविक्रेत्यानेही काळ, धातू आणि अस्सलपणाची हमी लेखी द्यावी, एवढी सक्ती शासनाला सहज करता येईल.