मोटारीच्या काचेतून दिसणारी जनता

शहरातील खाजगी मोटारींवर बंधन घालण्याची गोष्ट निघाली की एक ठराविक आरोळी उठते : ‘जनतेचे हाल होतील!’ ही जनता कोण, हे मात्र कोणी विचारीत नाही. आरोळी ठोकणारा स्वतः कशाने प्रवास करतो एवढे पाहिले तरी उत्तर सापडते. माणूस रोज ज्या आसनावर बसतो तेथूनच त्याला रस्ता दिसतो, आणि जे दिसते त्यालाच तो लोकहित म्हणू लागतो.

दिल्लीचा अनुभव पाहावा. २००८ साली आंबेडकरनगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या मार्गावर बसगाड्यांसाठी रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र पट्टा राखण्यात आला. या रस्त्याने बसमधून जाणारी माणसे मोटारीतील माणसांहून अधिक होती. योजनेत दोष होते, चौकाचौकांत खोळंबा होई, हे खरे. परंतु गवगवा झाला तो अडकलेल्या मोटारींचा. लवकर घरी पोचणाऱ्या बसप्रवाशाची दखल क्वचितच कोणी घेतली. हा पट्टा मोटारींना खुला करावा अशी मागणी उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली. तरीही दोष दुरुस्त करण्याऐवजी शासनाने २०१६ मध्ये पट्टाच उखडून टाकला.

उलट स्वीडनमधील स्टॉकहोमची गोष्ट. शहरात येणाऱ्या मोटारींवर कर बसविण्याची कल्पना निघाली तेव्हा बहुसंख्य नागरिक विरोधात होते. तेथे २००५ च्या ऑगस्टमध्ये प्रथम जादा बसगाड्या आल्या आणि मग २००६ च्या जानेवारीपासून जुलैअखेर कराचा प्रयोग झाला. करसीमा ओलांडणारी वाहने सुमारे एक-पंचमांशाने घटली. सप्टेंबरच्या सार्वमतात शहराने कराच्या बाजूने कौल दिला. भोवतालच्या ज्या नगरांनी आपले मतदान घेतले, त्यांपैकी बहुतेकांनी विरोध केला. कर एकच, पण ज्याच्या-त्याच्या प्रवासाप्रमाणे तो वेगळा भासला. २००७ साली कर कायम झाला आणि पुढे पाठिंबा वाढत गेला. मत ही सवयीची सावली असते. सवय हलली की सावलीही हलते.

हा दोष केवळ धनिकांचा मानून आपण हात झटकू नयेत. बसच्या भाडेवाढीविरुद्ध तळमळीने बोलणारे आपलेच किती साथी सभेला मोटारीने येतात? बसथांब्यावर तासभर तिष्ठणारी कामगार स्त्री त्यांच्या भाषणात असते, त्यांच्या वाटेवर नसते. अपंग, रुग्ण, मालवाहू टेम्पोवर पोट असलेला चालक यांना सवलत हवीच. पुरेशा बसगाड्या न देता नुसती बंदी घालणे हाही अन्यायच. पण या रास्त अटींच्या आड आपली सोय दडविणे ही लबाडी होय.

जमिनीच्या वाटपाइतकेच रस्त्याचे वाटप हाही समतेचाच प्रश्न आहे. त्यावर मत देण्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने पुढच्या बैठकीला बसने यावे. पोचण्यास उशीर झाला, तर त्या उशिराचे कारण हाच बैठकीपुढील पहिला विषय असावा.