परदेशाची विमाने आणि उपनगरांतील लेथ

जगातील दोन बलाढ्य विमान-कंपन्या आज भारतातून सुट्या भागांची खरेदी वाढवीत आहेत. बोइंग भारतातील तीनशेहून अधिक पुरवठादारांकडून वर्षाला सुमारे सव्वा अब्ज डॉलरची खरेदी करते. एअरबसने आपली येथील खरेदी २०३० पर्यंत वर्षाला दोन अब्ज डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. ह्यात भारतावरील मेहेरबानीचा भाग नाही. एअरबसकडे आठ हजारांहून अधिक विमानांची मागणी नोंदलेली आहे, आणि ती वेळेवर पुरी करण्यास जुने पुरवठादार अपुरे पडत आहेत. शिवाय २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या घरचा काही माल विकत घेणे विक्रेत्याच्याही सोयीचे असते. तेव्हा संधी खरी आहे. प्रश्न इतकाच की, वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या उपनगरांतील लहान कारखानदाराच्या पदरात तिचा किती वाटा पडणार? आहे ह्या स्थितीत फारच थोडा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि कारागिरीचा अभाव हे त्याचे कारण नव्हे.

निर्यात करावयाची तर प्रथम शेजार पाहावा, हा व्यापाराचा जुना दंडक. विमानांच्या बाबतीत तो आपल्याला उपयोगी पडत नाही. चीनने सी-९१९ हे प्रवासी विमान बांधून मे २०२३ मध्ये वाहतुकीत आणले. पाकिस्तानात कामरा येथे चीनच्या सहकार्याने लढाऊ विमाने तयार होतात. ही दोन्ही दारे आपल्यासाठी बंद आहेत आणि ती उघडण्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. परंतु ह्या धंद्यात अंतराचे भय बाळगण्याचेही कारण नाही. विमानाच्या पंखात बसणारा एखादा ब्रॅकेट मुठीत मावतो. सहारच्या विमानतळावरून तो युरोपात पोचण्यास फार काळ लागत नाही. वजन थोडे आणि मोल मोठे अशा मालाचा व्यापार वांद्र्याला नवखा नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये २०१० पासून नेमका असाच व्यापार चालला आहे. जेथे इंच इंच जागेची किंमत मोजावी लागते, त्या शहराला शोभणारी निर्यात हीच होय.

हे काम मुंबईला झेपेल काय, अशी शंका काढणाऱ्यांनी इतिहास आठवावा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आपले विमान जुहूच्या मैदानावर उतरवते झाले. भारतीय हवाई वाहतुकीचा आरंभ तो. विमाने देशातच बांधावीत हे स्वप्न सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी पाहिले आणि १९४० मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. मात्र ती निघाली बंगळूरला, कारण म्हैसूर संस्थानाने जमीन दिली आणि भांडवलात वाटा उचलला. उद्योजक महाराष्ट्राचा आणि कारखाना अन्यत्र, ही कथा तेव्हापासूनची आहे! पुढे १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, तेवढेच समाधान. विक्रोळीच्या गोदरेजने तर गेली कित्येक वर्षे इस्रोसाठी 'विकास' इंजिने घडवली आहेत. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन जे रॉकेट उडाले, त्याच्या मधल्या टप्प्यात दोन 'विकास' इंजिने होती. विक्रोळीच्या हाताचे काम जेथे पोचले, तेथे भांडुपच्या किंवा साकीनाक्याच्या टर्नरचे हात पोचणार नाहीत, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मग अडते कोठे? गणिताच्या परीक्षेत नुसते उत्तर बरोबर येऊन भागत नाही, रीत दाखवावी लागते, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. विमानाच्या सुट्या भागाचेही तसेच आहे. भाग मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत अचूक उतरला, तरी तो ज्या धातूच्या कांडीतून कातला ती कोणत्या भट्टीतून, कोणत्या घाणीतून आली, तो कोणत्या यंत्रावर कोणी कातला, कोणत्या मापयंत्राने मोजला आणि ते मापयंत्र स्वतः केव्हा तपासले गेले होते, ह्याची अखंड नोंद लागते. ह्या व्यवस्थेला 'ए एस ९१००' हे गुणवत्ता-प्रमाणपत्र लागते. हीट ट्रीटमेंट, ॲनोडायझिंग, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा शोधणाऱ्या चाचण्या अशा विशेष प्रक्रियांना 'नॅडकॅप' ही निराळी मान्यता घ्यावी लागते. ह्यात जाच आहे खरा, पण तो अनाठायी नाही. एक भाग सदोष निघाला, तर त्याच कांडीतून निघालेले त्याचे सारे भाऊबंद जगभरच्या विमानांतून हुडकून काढावे लागतात. प्रवाशांचे प्राण त्या कागदावर अवलंबून असतात.

आता ह्या अटी दोन लेथ आणि एक मिलिंग यंत्र असलेल्या गाळ्याला लावून पाहा. कातकाम तो करील. पण भट्टी, टाक्या, चाचणीची यंत्रे आणि प्रत्येकाची मान्यता हे सारे एकट्याने उभारणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. भाग कातून झाला की तो एका प्रक्रियेसाठी एका गावी आणि दुसरीसाठी दुसऱ्या गावी पाठवायचा, ह्यात वेळ जातो, खर्च वाढतो आणि शेवटी मागणीही हातची जाते.

ह्या कोड्याचे एक उत्तर आपल्या भाषेच्या परिचयाच्या मुलखातच मिळते. बेळगाव हे ओतकाम आणि यंत्रकाम जाणणारे गाव. त्या जिल्ह्यात हत्तरगी येथे एक्वस कंपनीने विमान-भागांसाठी विशेष आर्थिक क्षेत्र उभारले आणि धातूची घडाई, कातकाम, पृष्ठसंस्कार व जुळणी ही कामे एकाच कुंपणात आणली. त्यासाठी परदेशी कंपन्यांशी भागीदारी केली. बेळगावच्या कारागिराचा हात उपनगरातल्या कारागिराहून निराळा नाही. निराळी आहे ती मांडणी. सीमेवरून आपण पुष्कळ वाद घातला. सीमेपलीकडून थोडे शिकण्यात कमीपणा नाही.

म्हणून आमची पहिली मागणी अशी की, १९६२ पासून राज्यात औद्योगिक वसाहती वसवणाऱ्या आणि अंधेरीत मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने लहान पुरवठादारांसाठी सामायिक केंद्र उभारावे. मोजमाप, चाचणी आणि कागदपत्रांचे काम मरोळसारख्या वसाहतीत होऊ शकेल. मापयंत्रांच्या तपासणीत चुनाभट्टीच्या 'इडेमी' ह्या केंद्र सरकारी संस्थेचा अनुभव हाताशी आहे. रासायनिक टाक्या मात्र उपनगरांच्या वस्तीत नकोत. मिठी नदीने सोसले तेवढे पुरे. त्या प्रक्रिया जेथे सांडपाण्याच्या सामायिक शुद्धीकरणाची सोय आहे अशा ठाणे-बेलापूर पट्ट्यात व्हाव्यात. उपनगरांतून तेथे माल सकाळी पाठवून संध्याकाळी परत आणता येतो.

दुसरी मागणी पैशासंबंधी आहे. नवा पुरवठादार मान्य होऊन पहिला नमुना पसंत पडेपर्यंत मोठा काळ जातो, आणि तोवर यंत्राचे हप्ते थांबत नाहीत. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने देशातील खरेदीदारावर घातले. परदेशच्या खरेदीदारावर ते कसे घालणार? तारणाशिवाय कर्जाला हमी देणाऱ्या केंद्रीय योजनेची मर्यादा २०२५ मध्ये १० कोटी रुपयांपर्यंत वाढली, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु विमानधंद्याचा संथ काळ ओळखून पहिले हप्ते लांबवणारा बँकवाला कोठे आहे? वांद्रे-कुर्ला संकुलात अर्थसंस्थांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. तेथून घटकाभराच्या वाटेवरील गाळ्याला भांडवल मिळू नये, ही विसंगती त्या इमारतींना भूषणावह नाही.

तिसरी गोष्ट माणसांची. खेरवाडीचे शासकीय तंत्रनिकेतन वांद्र्यातच आहे. तेथील आणि आयटीआयमधील मुलांना यंत्र चालवण्याबरोबरच नोंद ठेवण्याची, नकाशा वाचण्याची आणि चूक न लपवता लिहून ठेवण्याची शिस्त शिकवली पाहिजे. विमानधंद्यात ह्या अखेरच्या गुणाला सर्वांत मोठी किंमत आहे.

ह्या वाटेवर खड्डे आहेत, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांपर्यंत चढवली, तेव्हा परक्या राजधानीतील एका निर्णयाने येथला हिशेब कसा कोलमडू शकतो हे दिसून आले. २०१९ मध्ये बोइंगची ७३७ मॅक्स विमाने जमिनीवर खिळली, तेव्हा दूरदूरच्या पुरवठादारांची यंत्रे मंदावली. म्हणून एकाच गिऱ्हाइकावर सर्व भार टाकू नये. गाळ्यातील एक यंत्र विमानासाठी आणि दुसरे देशी कामासाठी राखणारा कारखानदार शहाणा ठरेल. जोखीम आहे म्हणून धंदा सोडावयाचा, तर समुद्रकाठच्या ह्या शहराने व्यापार कधीच केला नसता.

सी-२९५ विमानांचा प्रकल्प २०२२ मध्ये वडोदऱ्याला गेला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा आक्रोश झाला. तो समजण्यासारखा होता. परंतु मोठा कारखाना गेला म्हणून आक्रोश करणारे आपण, लहान गाळे एकेक करून बंद पडतात, त्यांच्या जागी मनोरे चढतात आणि फिटरचा मुलगा घरोघरी पार्सले पोचवू लागतो, तेव्हा मौन का पाळतो? एक लेथ हलला तर वर्तमानपत्रात बातमी येत नाही. पण शंभर लेथ हलले की एक कसब शहरातून नाहीसे होते, आणि गेलेले कसब कोणत्याही धोरणाच्या कागदाने परत येत नाही. परदेशची मागणी आज आहे. ती पुरी करू शकणारे हात अजून उपनगरांत आहेत. ह्या दोहोंची गाठ घालून देणे हे शासनाचे काम असून ते त्याने विनाविलंब हाती घ्यावे.