घरगाडी आणि तिथीची पाऊणपट

चाकांवरचे घर म्हटले की आपल्याला उगाच साहेबाची आठवण होते. वास्तविक छप्पर घातलेल्या बैलगाडीत गवताची गादी, तिच्यावर घोंगडे, आसाखाली टांगलेला कंदील आणि पाठीमागे बांधलेली भांड्यांची पेटी एवढ्या संसारानिशी आपले आजे-पणजे यात्रेला जात. वाटेत झाडाखाली तीन दगडांची चूल मांडीत आणि रात्री त्याच गाडीत पाठ टेकीत. आता बैलांच्या जागी इंजिन आले आहे, आणि गाडीत संडास आला आहे. या शेवटच्या शब्दाबद्दल दिवाळी अंकाच्या वाचकांची क्षमा मागावयास हवी. पण आमच्या घरात घरगाडीचा विषय निघाला तो त्या एका शब्दापायी. तो टाळून पुढे जाता येणार नाही.

माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांचे माहेर आंजर्ले. मोऱ्याहून आंजर्ल्याला जाणे हे काही काशीला जाणे नव्हे, तरी गेल्या नऊ वर्षांत त्यांचे तिकडे पाऊल पडलेले नाही. गुडघे हे त्याचे सांगावयाचे कारण. खरे कारण वेगळे आहे, आणि ते प्रत्येक बाईला ठाऊक आहे. रक्तदाबाच्या गोळीमुळे त्यांना तासा-दीड तासाला उठावे लागते, आणि आपल्या रस्त्यांवर बाईमाणसाने जावे अशी स्वच्छ जागा कुठे मिळेल याची खात्री कोणी देत नाही. प्रवासाला निघावयाचे म्हणून आदल्या रात्रीपासून घोटभर पाणी न पिणाऱ्या किती बायका मी पाहिल्या आहेत! ही गोष्ट आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की कोणाला ती सांगण्याजोगी वाटत नाही. यंदा कन्येने कुठून तरी भाड्याच्या घरगाडीची जाहिरात आणून आजीपुढे ठेवली. चार बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी हे सगळे आजीने वरवर पाहिले. मग चष्मा पुसून एकाच चौकोनावर बोट ठेवले आणि विचारले, "याला आतून कडी आहे ना गं?"

कडी आहे असे समजल्यावर आमचे हे कागद-पेन्सिल घेऊन बसले. मोऱ्याहून निघावयाचे, अलिबाग गाठावयाचे आणि तिथून किनाऱ्या-किनाऱ्याने रेडीपर्यंत जावयाचे. अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. रोज साठ-सत्तर किलोमीटर धरले तर आठ दिवसांत काम फत्ते. हिशेब मोठा सुबक होता. सासूबाईंनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "अरे, किलोमीटर मोजलेस ते ठीक. खाड्या मोजल्यास का?"

इथे वाचकांनी कोकणचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. मुंबई-गोवा महामार्ग आतून जातो. कोकण रेल्वे १९९८ साली पुरी झाली, तीही बहुतेक ठिकाणी आतूनच जाते. किनाऱ्याने जाणारा सलग रस्ता हवा ही कल्पना बॅरिस्टर अंतुले १९८० ते ८२ या काळात मुख्यमंत्री होते तेव्हापासून बोलली जाते. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग कागदावर कधीच तयार झाला. जमिनीवर मात्र तो तुकड्या-तुकड्यांनी आहे, कारण दर थोड्या अंतरावर एक खाडी आडवी येते. कुंडलिकेवर रेवदंडा-साळाव पूल आहे, आंजर्ल्याच्या खाडीवर पूल झाला, रत्नागिरीपासून खाली भाट्ये, पूर्णगड, जैतापूर असे पूल होत गेले. पण वरच्या अंगाच्या मोठ्या खाड्या अजून मोकळ्याच आहेत, आणि तिथे गाडी जंगलजेटीवर, म्हणजे सपाट बुडाच्या फेरीबोटीवर, चढवून पलीकडे न्यावी लागते.

मौज अशी की आमची पहिली अडचण घरापासून हाकेच्या अंतरावरच आहे. करंजाच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर रेवस दिसते. लाँचने माणूस बघता बघता पलीकडे पोचतो. पण घरगाडी काही लाँचमध्ये मावत नाही. तिला पेण, वडखळ, धरमतरचा पूल असा साठ-सत्तर किलोमीटरांहून मोठा वळसा घालून त्याच समोरच्या किनाऱ्यावर यावे लागते. पुढे आगरदांडा ते दिघी ही राजपुरीची खाडी, बागमांडला ते वेसवी ही सावित्रीची, दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीची आणि तवसाळ ते जयगड ही शास्त्रीची, अशा चार जंगलजेट्या. दाभोळची फेरीबोट २००३ साली सुरू झाली. त्याआधी दाभोळच्या माणसाला समोर दिसणाऱ्या काठावर मोटार न्यावयाची तर चिपळूणवरून शंभर किलोमीटरांच्या घरातला फेरा होता. आता ते काम पाच-दहा मिनिटांत होते.

पूल झाले की ही गंमत जाईल, असे म्हणणारे पुष्कळ शहरी रसिक मला भेटतात. त्यांनी एकदा शेवटची जेटी सुटून गेल्यावर अडलेल्या बाळंतिणीला घेऊन धक्क्यावर रात्र काढावी, म्हणजे गंमत कळेल. पूल व्हावेत, लवकर व्हावेत. आम्ही मात्र निघणार यंदा, आणि यंदा खाड्या आहेत.

सासूबाईंच्या लहानपणी हा सगळा किनारा एकाच रस्त्याने जोडलेला होता, आणि तो रस्ता म्हणजे समुद्र. मुंबईहून आगबोट निघे आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीकडे जाई. हर्णैला बोट बाहेर खोल पाण्यात उभी राही. मग पडाव येत, आणि लाटेने पडाव वर आला की खलाशी पोरांना अलगद खाली घेत. बंदरावरून चालत आंजर्ल्याच्या खाडीपर्यंत, तिथे तर, आणि पलीकडे मामा उभा. "तेव्हा कोणी किती मैल असे विचारीत नसे," त्या सांगतात, "भरती कितीला, एवढे विचारीत." बोटी बंद झाल्या, रस्ते आतून गेले, आणि एका ओळीत बसलेली ही गावे एकमेकांना पाठमोरी झाली. दाभोळची मुलगी गुहागरला देणे म्हणजे परगावी देणे होऊन बसले.

मोऱ्यात राहणाऱ्याला भरतीचे महत्त्व कोणी शिकवावयास नको. १२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी अटल सेतूही सुरू झाला आणि उरणपर्यंतची लोकलही. तरी भाऊच्या धक्क्याला लाँचने जाणारे लोक अजून आहेत, मीही त्यांतलीच. आमचे बंदर गाळाने भरत असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटीला पाणी इतके मागे जाते की लाँच धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या थांबवाव्या लागतात. आता खोडी पाहा. उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते. म्हणजे ओहोटी नेमकी संध्याकाळी पाच-सहाला, जेव्हा सगळे चाकरमाने घरी परतावयास निघतात. म्हणून आमच्याकडे भिंतीवरची दिनदर्शिका सण पाहण्यासाठी जितकी लागते, तितकीच ऑफिसातून कधी निघावे हे पाहण्यासाठी.

याचे एक जुने गणित आहे, ते वाचकांनी टिपून ठेवावे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या सुमारास भरती. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजावयाचे, आणि अमावास्या पंधरावी धरावयाची. भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, त्यावर हे गणित उभे आहे. ते मुंबईच्या आसपासचे. जसजसे दक्षिणेला जावे तसतशी भरती आधी येते, आणि पाण्याची चढउतारही कमी होत जाते. नेमक्या वेळांचे तक्ते आता मोबाइलवर मिळतात, ते जरूर पाहावेत. पण डोंगराआड मोबाइल मुका झाला तर तिथी काही मुकी होत नाही.

तेव्हा यांचा कागद बाजूला पडला आणि सासूबाईंनी तोंडी आराखडा सांगितला. तो असा : भाऊबीज झाल्यावर कार्तिक शुद्ध पंचमीला निघावे. चारही जेट्या षष्ठी ते एकादशी या दिवसांत ओलांडाव्यात, कारण ते भांगाचे दिवस. तेव्हा भरती फार चढत नाही आणि ओहोटी फार उतरत नाही. घरगाडी लांब असते, तिचे ढुंगण चाकांच्या बरेच मागे निघालेले असते (शब्द सासूबाईंचा). खडखडीत ओहोटीला धक्क्याचा शेवाळलेला उतार उघडा पडला की ते खाली घासणार. दशमीला दाभोळची भरती साडेसाताची धरून सकाळीच धक्क्यावर जावे. एकादशीला तवसाळ सव्वाआठला. वाटेत दशमीच्या आधी दोन रात्री आंजर्ले. जयगड उतरले की जेट्यांचा जाच संपला. मग मालगुंडला केशवसुतांच्या घरी तासभर बसावे (ही भर माझी, मराठीची प्राध्यापिका तिथून सरळ गणपतीपुळ्याला गेली असे म्हणावयास नको), आणि त्रिपुरी पौर्णिमेला कुणकेश्वर गाठावे. त्या दिवशी उधाण. म्हणजे संध्याकाळी ओहोटीला पुळण दूरवर मोकळी मिळेल.

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेचे काय, असे मी विचारले. तिथली खडकातली वाट ओहोटीलाच चालता येते, आणि भलत्या वेळी उतरलेली माणसे लाटेने ओढून नेल्याचे आपण वाचतो. सप्तमीला भरती सव्वापाचला, म्हणून ओहोटी सव्वाअकराला. पण ती भांगाची, पाणी पुरते मागे जाईलच असे नाही. सासूबाई म्हणाल्या, "देवळातूनच हात जोडू." माझ्या मते हा त्या आराखड्यातला सर्वांत शहाणपणाचा भाग आहे.

आता घरगाडीविषयी थोडे. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरण जाहीर केले. गाडी उभी करण्याची जागा, पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असे तळ असावेत हा त्यातला विचार. तसे तळ किनाऱ्यावर गावोगाव मिळतील असे मात्र धरून चालू नये. कोणाच्या तरी आवारात आधी विचारून, भाडे ठरवून गाडी लावणे हे उत्तम. पुळणीवर गाडी नेण्याचा मोह मुळीच नको. भिजलेली वाळू दिसते टणक, आणि चाक रुतले की येणारी भरती थांबत नाही. शिवाय वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर थंडीत कासविणी अंडी घालावयास येतात. त्यांना आणि पिलांना उजेड चकवतो. आपल्या खिडकीतला दिवा तिथे नसावा. गावातल्या गल्ल्या चिऱ्यांच्या गडग्यांमधून जातात, वर फणसाच्या फांद्या आणि विजेच्या तारा असतात; तेव्हा भाड्याची गाडी घेताना तिची उंची आधी विचारावी, आणि पडद्यांचा रंग मागाहून.

एक गोष्ट मला खटकत होती. कोकणात जाणारा पाहुणा आजवर कोणाच्या तरी ओसरीवर उतरे, त्यांच्या हातचे जेवे आणि चार पैसे त्या घरात ठेवून येई. कित्येक बायकांनी घरगुती खाणावळीवर मुले शिकवली आहेत. आम्ही जाणार ते बिछाना आपला, शेगडी आपली, तांदूळसुद्धा उरणच्या बाजारातले. म्हणजे गावाला आमच्याकडून मिळणार काय, तर मागितलेले शंभर लिटर पाणी आणि भरलेली मैल्याची टाकी! चैत्र-वैशाखात तर तिथल्या विहिरी तळाला गेलेल्या असतात. मी हे बोलून दाखवले तेव्हा यांनी घरगाडीचा खर्च काढून दाखवला आणि म्हणाले की आता वर खाणावळीचे पैसे कुठून आणू. वाद दोन दिवस चालला. शेवटी ठरले ते असे : गाडीतली शेगडी फक्त चहापुरती, दोन्ही वेळचे जेवण ज्याच्या आवारात गाडी त्याच्या घरचे. त्यासाठी रेडीपर्यंत न जाता मालवणहून परतावयाचे. दोन दिवसांचे भाडे वाचते, ते जेवणाला. टाकी रिकामी करण्याची जागा निघण्याआधी फोन करून नक्की करावयाची, आणि ती नक्की झाल्याशिवाय त्या मुक्कामाचे नाव कागदावर लिहावयाचे नाही. आंजर्ल्यापुढे अजून जागा कोरी आहे. मामेभावाच्या आवारात शोषखड्डा आहे, पण फाटकातून गाडी जाईल की नाही याची मापे यावयाची आहेत. त्याने काल फोनवर सांगितले की एक बाजूचा गडगा दोन हात सोडवून ठेवतो, नाही तरी पावसाळ्यात तो ढासळलाच आहे. सासूबाईंनी त्याला मजुरी विचारली, तर तो हसला. तेव्हापासून त्या रोज सकाळी, पुढे कोणी बसलेले असो वा नसो, पाण्याचा तांब्या भरून घेतात आणि पुरता संपवतात. सवय करीत आहे म्हणतात.