पाच हजारांच्या आतली चोरी

जव्हारच्या एस. टी. स्थानकाबाहेर बसची वाट पाहत उभ्या असलेल्या एखाद्या विद्यार्थिनीची पिशवी चोरीस गेली, असे क्षणभर समजा. पिशवीत चार हजारांना घेतलेला एक जुना लॅपटॉप होता. बाजारभावाने पाहिल्यास हानी किरकोळ. परंतु दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या आईबापांनी उचल घेऊन ती रक्कम उभी केली असेल, तर त्यांची पुढील कित्येक दिवसांची मजुरी आणि मुलीचे शिक्षण, दोन्ही त्या पिशवीबरोबर गेलेली असतात. वस्तूची किंमत आणि वस्तू गेल्याने होणारी हानी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक पाठ होय. आपल्या कायद्याने मात्र तो नजरेआड केला आहे.

मोबाईल चोरीस गेला तर त्याच्या पंधरा आकडी आयएमईआय क्रमांकावरून तो बंद करता येतो व शोधताही येतो. केंद्र सरकारच्या या नोंदवहीचा प्रयोग 2019 मध्ये महाराष्ट्रात सुरू झाला आणि मे 2023 मध्ये ती देशभर लागू झाली. लॅपटॉपला हा क्रमांक सहसा नसतो. तळाशी छापलेला अनुक्रमांक असतो, पण जुना माल पावतीविना घेणाऱ्याकडे त्याची नोंद कोठून असणार? यंत्राचा ठावठिकाणा कळवणारी सोय आधीच चालू केलेली असावी लागते, आणि साधारणतः ते यंत्र इंटरनेटला जोडले गेल्यावरच तिचा उपयोग होतो. मोखाड्याच्या ज्या पाड्यांवर फोन लावण्यासाठी टेकडी चढावी लागते, तेथे या सोयीचे मोल काय असणार? तात्पर्य, यंत्र शोधून देत नसेल तर गरिबाला पोलीस ठाण्याखेरीज दुसरा आधार नाही.

नेमका तेथेच अडसर आहे. जुन्या दंडसंहितेत चोरी, मग ती कितीही रकमेची असो, दखलपात्र गुन्हा होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 303 व्या कलमाने पाच हजारांहून कमी किमतीच्या चोरीत, गुन्हेगार प्रथमच दोषी ठरला असेल व माल वा त्याची किंमत परत झाली असेल, तर समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. पोटासाठी हात मारणाऱ्यास तुरुंगात न धाडण्याचे हे तत्त्व स्वागतार्हच आहे. तथापि, असा गुन्हा अदखलपात्र ठरवल्यामुळे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना पोलिसांना तपासच करता येत नाही. कोणत्याही ठाण्यात फिर्याद देण्याची जी सोय नव्या प्रक्रिया संहितेने मोठा गाजावाजा करून दिली, ती दखलपात्र गुन्ह्यांपुरती आहे. चोराला दाखविलेल्या दयेची किंमत अशा रीतीने फिर्यादीकडून वसूल केली जाते.

वस्तुतः कायद्यातच यावर उत्तर आहे. चोर कोण हेच ठाऊक नसताना तो प्रथमच दोषी ठरणार आहे, हे ठाणे अंमलदाराने कशावरून ठरवावे? शिवाय राहत्या घरातून, माल ठेवण्याच्या इमारतीतून किंवा प्रवासी गाडीतून झालेली चोरी 305 व्या कलमाखाली येते, आणि तेथे पाच हजारांची अट नाही. म्हणून झोपडीतून वा एस. टी.तून वस्तू गेली असेल, तर फिर्यादीने त्या कलमाचा आग्रह धरावा आणि फिर्यादीची प्रत विनामूल्य मागून घ्यावी. तो तिचा हक्क आहे.

माल सापडल्यावरही तो ठाण्यातील कपाटात धूळ खात पडू नये. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच बजावले आहे की, असा मुद्देमाल पंधरा दिवस ते महिन्याहून अधिक काळ ठाण्यात ठेवू नये. पंचनामा व छायाचित्रे करून तो योग्य हमीवर मालकाच्या ताब्यात देता येतो. परीक्षा उलटून गेल्यावर परत मिळालेला लॅपटॉप विद्यार्थिनीच्या काय उपयोगाचा?

आमची मागणी साधी आहे. शिक्षेतील सवलत राहू द्यावी, पण तपासाच्या आड येणारी पाच हजारांची रेषा संसदेने पुसून टाकावी. तोवर आश्रमशाळांनी आणि महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या यंत्रांचे अनुक्रमांक एका वहीत नोंदवून ठेवावेत. त्यास खर्च नाही, आणि पावती नसलेल्याच्या हाती निदान एक पुरावा राहील. गरिबाची वस्तू स्वस्त असते म्हणून तिची चोरीही स्वस्त मानणे, हा न्याय नव्हे.