अर्धी अमेरिका

भारताला अमेरिकेसारखी अध्यक्षीय पद्धत हवी, ही मागणी जुनीच. १९८०च्या दशकात वसंत साठे यांनी ती हिरिरीने मांडली होती. आजही प्राध्यापक-कक्षात ती अधूनमधून उसळते. पण मागणाऱ्यांना हवी असते ती अर्धीच अमेरिका : अध्यक्ष हवा, काँग्रेस नको. घटनेनुसार तिथल्या अध्यक्षाला काँग्रेसच्या मंजुरीविना खजिन्यातून खर्च करता येत नाही. त्याचा नकाराधिकार दोन्ही सभागृहे दोन-तृतीयांश मतांनी निष्प्रभ करू शकतात. सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकांना सिनेटची संमती लागते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत डॉ. आंबेडकरांनी स्थैर्य आणि उत्तरदायित्व तोलून उत्तरदायित्वाला झुकते माप दिले, ते उगीच नव्हे. सभागृहाविना कारभार म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगायला नको. मार्च २०२२पासून जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेत आयुक्त तेच प्रशासक होते. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच! फायली वेगाने हलल्या असतीलही. पण वेग म्हणजे लोकशाही नव्हे. खंबीर नेतृत्वाचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी एवढेच सांगावे : निर्णय चुकला, तर जाब कोणी आणि कुठे विचारायचा?