निकाली निघालेली तक्रार

तक्रार निकाली निघणे आणि तिचे कारण नाहीसे होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या तक्रार नोंदवहीत मात्र दोहोंसाठी एकच रकाना असतो.

महाराष्ट्राबाहेरच्या एका जिल्ह्यात काम करताना आलेला हा अनुभव आहे. आपण ज्याला फेरफार म्हणतो त्याला तिकडे दाखिल-खारिज म्हणतात. या आदेशांच्या स्कॅन प्रती एका लिनक्स सर्व्हरमार्फत दुसऱ्या खोलीतील साठवण यंत्रावर जात. दोहोंमधला दुवा एनएफएसचा. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ च्या सुमारास विकसित केलेली ही पद्धत आजही असंख्य कार्यालयांत निमूटपणे राबते. दूरच्या यंत्रावरील फोल्डर ती आपल्या यंत्रावरील एका रिकाम्या फोल्डरवर 'माउंट' करते, म्हणजे जणू त्यावर पांघरते.

वीज गेली की हा दुवा तुटे. वीज आल्यावर दोन्ही यंत्रे एकदमच सुरू होत. पण साठवण यंत्र सावकाश जागे होई, आणि तोवर सर्व्हर ठराविक वेळ वाट पाहून जोडणीचा नाद सोडून देई. मग कोणी तरी सर्व्हर पुन्हा सुरू करी. एव्हाना साठवण यंत्र तयार असल्याने जोडणी होई. नोंदवहीत शेरा पडे : 'सर्व्हर पुन्हा सुरू केला. निकाली.' चार महिन्यांत असे अकरा शेरे होते. अकराही खरे होते, हेच त्यातले दुर्दैव.

पुढे एके दिवशी सकाळच्या सत्रातील त्रेचाळीस आदेशांच्या प्रती नाहीशा झाल्या. स्कॅन करणारा बाबू शपथेवर सांगत होता की त्याने त्या जतन केल्या होत्या आणि पडद्यावर पाहिल्याही होत्या. त्याला कारणे दाखवा नोटीस निघाली. तिच्यावर सही माझी होती.

प्रती गेल्या नव्हत्या. जोडणी फसली तरी खालचे रिकामे फोल्डर जागेवरच असते. परवानग्या जुळत असतील तर त्यात खुशाल लिहिता येते आणि कोणतीही त्रुटी दिसत नाही. सकाळचे काम सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर गेले. दुपारी सर्व्हर पुन्हा सुरू झाला, साठवण यंत्राचे फोल्डर वर पांघरले गेले आणि सकाळच्या प्रती त्याखाली झाकल्या गेल्या. म्हणजे ज्या उपायाने तक्रार निकाली निघाली, त्यानेच पुरावा लपवला. एका तरुण अभियंत्याने मूळ फाइलव्यवस्था दुसरीकडे 'बाइंड' करून पांघरुणाखाली डोकावले, तेव्हा त्रेचाळीसच्या त्रेचाळीस प्रती तिथे होत्या. त्याआधीच्याही बऱ्याच होत्या. त्यांची चौकशी कोणी केलीच नव्हती.

उपाय अर्ध्या तासाचा होता. प्रथम वापर होईल तेव्हाच जोडणी करणारी ऑटोमाउंटची सोय लावली. जोडणी झाली नाही तर आता लिहिणाऱ्याला सरळ त्रुटी मिळते. शिवाय जोडणी नसताना खालचे रिकामे फोल्डर अपरिवर्तनीय करून ठेवले, म्हणजे रूटलाही त्यात लिहिता येऊ नये.

वरून एक तोंडी सूचना आली होती, तीही सांगितली पाहिजे. पडदा अडकू नये म्हणून 'हार्ड' माउंटऐवजी 'सॉफ्ट' वापरा, असे म्हणणे होते. हार्ड माउंट साठवण यंत्र परत येईपर्यंत थांबून राहतो, लोक वैतागतात. सॉफ्ट माउंट काही प्रयत्नांनंतर हात वर करतो, आणि अशाने काही प्रसंगी माहिती नकळत बिघडू शकते, असा इशारा एनएफएसच्या मार्गदर्शक पानातच आहे. जमिनीच्या कागदपत्रांसाठी मी खोळंबा पत्करला. रांगेतल्या माणसाला संध्याकाळी परत यायला सांगता येते, हरवलेल्या आदेशासाठी त्याला वकील गाठावा लागतो.

नोंदवहीत 'कारण' असा स्वतंत्र रकाना आम्ही हाताने आखून घेतला. तीच तक्रार तिसऱ्यांदा आली की कारण लिहिल्याखेरीज ती बंद करायची नाही, असा आदेश काढला. त्या महिन्यात आमची प्रलंबित प्रकरणे वाढली आणि आढावा बैठकीत मला त्याबद्दल विचारणा झाली.

बाबूची नोटीस मी मागे घेतली. त्याचा लेखी खुलासा तोवर फाइलला लागला होता. दोन ओळींचाच होता : प्रती मी जतन केल्या होत्या, कुठे गेल्या ते यंत्राला विचारावे.