ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

गेल्या रविवारी आमच्या मोहल्ल्यात मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. एका सरकारी योजनेची ई-केवायसी करून देत होतो. एक खाला आल्या. आधार क्रमांक टाकला, ओटीपी गेला. पण तो मुलाच्या फोनवर. मुलगा कामावर, फोन उचलेना. खाला तशाच परत गेल्या. मोबाईलचा टॉवर त्यांच्या गच्चीवरून दिसतो.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आम्ही गृहीत धरतो की एक माणूस, एक फोन, एक नंबर. प्रत्यक्षात कित्येक घरांत फोन एक आणि माणसं पाच.

दूरसंचार सेवा सर्वांपर्यंत पोहोचावी म्हणून देशात २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधी आहे. आज त्याचं नाव डिजिटल भारत निधी. त्यासाठी कंपन्यांच्या समायोजित महसुलातून ५ टक्के रक्कम जाते, म्हणजे शेवटी आपल्याच रिचार्जमधून. त्या पैशातून दुर्गम भागात टॉवर उभे राहिले, ग्रामपंचायतींपर्यंत फायबर गेलं. पण उंबरठ्याच्या आतली दरी कोणता निधी बुजवणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. स्त्रियांपैकी फक्त ३३ टक्क्यांनी.

केरळमधल्या फहीमा शिरीनला संध्याकाळी मोबाईल जमा करण्याचा वसतिगृहाचा नियम मान्य नव्हता. तिला वसतिगृहातून काढलं गेलं. ती न्यायालयात गेली. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला आणि तिला परत प्रवेश द्यायला सांगितलं. हा निकाल वसतिगृहाविषयी होता. पण असा नियम आपल्याही घरात आहे का, हे प्रत्येक भावाने स्वतःला विचारावं.

सरकारकडे मागणी करूच: ओटीपीवाचून कुणाचा हक्क अडू नये, वॉर्ड ऑफिसात आणि ग्रामपंचायतीत दुसरी सोय हवी. पण काही कामं आजच होण्यासारखी आहेत. अम्मीच्या आणि बहिणीच्या आधारला कुणाचा नंबर जोडला आहे ते बघा. त्यांचं सिम त्यांच्या नावावर घ्या. पिन त्यांनाच ठरवू द्या. कळला तर ती अमानत समजा. आणि दर वेळी फॉर्म भरून देऊ नका, शेजारी बसून त्यांच्याच हातून भरून घ्या.

खालांच्या मुलाला मी निरोप दिला आहे. पुढच्या रविवारी दोघांनी मिळून यावं.